सरकारने न दिलेले हक्क

डिसेंबर १९७५. आणीबाणी लागून सहा महिने होत आले होते. मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, तुरुंगात टाकलेल्यांचे हेबियस कॉर्पस अर्ज, म्हणजे अटक कायदेशीर आहे का ते तपासा असे अर्ज, ऐकून घ्यायचे, असा निवाडा नऊ उच्च न्यायालयांनी दिला होता आणि त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. सरकारचं म्हणणं सरळ होतं. २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम २१, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं कलम, कोर्टातून बजावून घेण्याची वाट बंद झाली आहे. तेव्हा अटक कायदेशीर की बेकायदा, हे तपासण्याचा प्रश्नच उरत नाही. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं की जीवितही याच कलमात येतं. मग एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने खासगी वैरातून कुणाचा जीव घेतला, तर दाद मागता येईल का? डे यांनी उत्तर दिलं की आणीबाणी आहे तोवर, नाही. आपल्या सदसद्विवेकालाही हे खटकतं, असं ते म्हणाले; पण त्यांच्या युक्तिवादातून निघणारं उत्तर तेच होतं.

२८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने, एकटे खन्ना विरोधात. कलम २१ नसतं तरी कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा अधिकार राज्याला नाही, असं खन्नांनी लिहिलं. पुढे जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

‘कलम २१ नसतं तरी’ या शब्दांत अडीच हजार वर्षांचा एक वाद दडला आहे. जगण्याचा हक्क राज्यघटनेने आपल्याला दिला, की तो आधीच होता आणि घटनेने फक्त त्याची नोंद घेतली? शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही हा फरक चटकन कळेल. सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे जमीन निर्माण होत नाही, आणि तलाठ्याने पान फाडलं म्हणून ती नाहीशीही होत नाही. उतारा लागतोच, त्याच्यावाचून कामं अडतात. पण उतारा म्हणजे जमीन नव्हे.

हक्काकडे असं पाहणाऱ्या विचारपरंपरेला नैसर्गिक कायद्याची परंपरा म्हणतात. नावावरून गुरुत्वाकर्षणासारखं काही डोळ्यांपुढे येतं, पण त्याच्याशी हिचा संबंध नाही. दगड खाली पडतोच, त्याला पर्याय नसतो. माणसाला मात्र खोटं बोलता येतं, दुबळ्याला लुबाडता येतं. नैसर्गिक कायदा म्हणतो की तसं करता येत असलं तरी ते चूक आहे, आणि ते चूक आहे हे कळायला कुठल्या राजाचं फर्मान लागत नाही, बुद्धी पुरते. रोमचा सिसेरो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात म्हणत होता की खरा कायदा म्हणजे निसर्गाशी जुळणारी योग्य बुद्धी, आणि तो रोममध्ये एक अन् अथेन्समध्ये दुसरा असा असत नाही.

तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस या ख्रिस्ती साधूने याची पद्धतशीर मांडणी केली. त्याच्या मते सृष्टी चालवणारा ईश्वराचा एक शाश्वत कायदा आहे आणि माणूस बुद्धीच्या जोरावर त्यात जेवढा सहभागी होतो तेवढा नैसर्गिक कायदा. चांगलं ते करावं, वाईट ते टाळावं, हे त्याचं पहिलं सूत्र. जीव सांभाळणं, पोरंबाळं वाढवणं, चारचौघांत राहणं, सत्य शोधणं या माणसाच्या मूळ ओढी आहेत आणि त्यांवरून पुढचे नियम निघतात. राजाने केलेला कायदा याच्या विरोधात गेला तर तो कायद्याची विकृती ठरतो. पुढे १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिताना मार्टिन ल्यूथर किंग यांनी वर्णभेदाच्या कायद्यांविरुद्ध याच अक्वायनसचा दाखला दिला. खुद्द अक्वायनसला मात्र पाखंड्यांना देहदंड देणं योग्य वाटत होतं, हेही लक्षात असू द्यावं.

इथवर कर्तव्यांची भाषा आहे, हक्कांची जवळजवळ नाहीच. ‘चोरी करू नये’ हा नियम. ‘हे माझं आहे आणि तू ते घेऊ शकत नाहीस’ हा हक्क. पहिल्यात चोराने देवाचा किंवा नीतीचा अपराध केलेला असतो. दुसऱ्यात ज्याचं गेलं तो उभा राहून जाब विचारू शकतो. आपल्याकडे हा फरक समजायला पंढरपूरला जावं. विठ्ठलापुढे सगळे सारखे हे वारकरी संतांनी गाऊन गाऊन सांगितलं, आणि चोखोबांची समाधी मात्र देवळाच्या महाद्वाराबाहेर पायरीशी राहिली. देवापुढची समता होती. आत येऊ द्या असं बडव्यांना ठणकावून सांगण्याचा हक्क नव्हता. तो मिळवायला १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.

युरोपात नियमाकडून हक्काकडे जाणारा रस्ता बराचसा अमेरिका खंडातल्या रक्तपातातून गेला. कोलंबसानंतर वीस वर्षांच्या आतच, डिसेंबर १५११ मध्ये, हिस्पानियोला बेटावर आंतोनियो दे मोंतेसिनोस नावाच्या डॉमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती साधूने चर्चमध्ये बसलेल्या स्पॅनिश जमीनदारांना विचारलं की ही माणसं नाहीत का? यांना विवेकी आत्मा नाही का? जमीनदार खवळले. बार्तोलोमे दे लास कासास तेव्हा स्वतः असाच एक जमीनदार होता, स्थानिक लोकांना वेठीला राबवणारा. तीनेक वर्षांनी त्याने ती माणसं सोडून दिली आणि उरलेलं आयुष्य त्यांची बाजू मांडण्यात घालवलं. स्पेनमधल्या सलामांकाच्या विद्यापीठात फ्रान्सिस्को दे वितोरिया याने १५३९ मध्ये व्याख्यान देऊन सांगितलं की तिथले लोक ख्रिस्ती नसले तरी आपल्या जमिनीचे आणि राज्याचे खरे मालक आहेत, कारण मालकी धर्मावर अवलंबून नसते. सम्राटाच्या पदरी असलेल्या विद्यापीठात हे म्हणायला छाती लागते. (आक्रमणाला सबबी म्हणून वापरता येतील असे काही ‘न्याय्य’ मुद्देही त्याच वितोरियाने देऊन ठेवले होते, पंडितांचं असंच असतं.)

मग १५५०–५१ मध्ये स्पेनच्या वाय्यादोलिद शहरात जाहीर वाद झाला. एका बाजूला लास कासास, दुसऱ्या बाजूला हुआन हिनेस दे सेपुल्वेदा. दोघेही नैसर्गिक कायद्याच्या नावानेच बोलत होते, आणि ही गोष्ट सहसा नजरेआड होते. ॲरिस्टॉटलने म्हटलं होतं की काही माणसं जन्मतःच दास असतात. त्याचा ‘राजनीती’ हा ग्रंथ लॅटिनमध्ये आणणाऱ्या, पण अमेरिकेत कधी पाऊलही न ठेवलेल्या सेपुल्वेदाने तेच सूत्र उचललं. हे लोक नरबळी देतात, म्हणजे निसर्गाचाच कायदा मोडतात. तेव्हा त्यांच्यावर हुकमत गाजवणं स्पेनचा हक्क आहे आणि त्यात त्यांचंच भलं आहे, असं तो म्हणाला. लास कासासने पाच दिवस आपलं टिपण वाचून दाखवलं. त्यांची शहरं बघा, कायदे बघा, कारभार बघा. जगातली सगळी राष्ट्रं माणसांचीच आहेत. पंचांनी ठोस निकाल दिल्याची नोंद नाही. अत्याचारही थांबले नाहीत. शिवाय स्थानिकांचा छळ वाचावा म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणा असं लास कासासनेच आधी सुचवलं होतं. त्याचा त्याला नंतर पश्चात्ताप झाला.

आपल्याला जवळची तारीख १५६०. स्पेनच्या शेजारच्या पोर्तुगालने त्या साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड हुडकून शिक्षा देणारं धर्मन्यायालय, सुरू केलं आणि मधला थोडा काळ वगळता ते १८१२ पर्यंत चाललं. प्रत्येक माणूस ईश्वराची प्रतिमा आहे असं बायबलच्या पहिल्याच प्रकरणात आहे. तेच बायबल मानणारे लोक गोव्यात घराघरांत कोण कुठले जुने विधी करतंय याची हेरगिरी करत होते. धर्मशास्त्रात माणसाच्या प्रतिष्ठेचं बीज आहे हे खरं. ते आपोआप उगवतं असं मात्र नाही.

पुढचा टप्पा थोडक्यात. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांचे गळे कापत असताना, १६२५ मध्ये, डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसने लिहिलं की देव नाही असं मानलं, आणि तसं मानणं महापाप आहे, तरी हा कायदा लागू राहीलच. त्याला देवाला घालवायचं नव्हतं, पण दार किलकिलं झालं. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने देवाला आत ठेवलं: आपण सगळे त्याच्या हातची निर्मिती, त्याची मालमत्ता, म्हणून कुणी कुणाच्या जीवाला, स्वातंत्र्याला, मालकीला हात लावू नये, सरकार नेमायचं ते या गोष्टी राखायला. लॉकचा पैसा गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत होता. ‘निर्मात्याने’ माणसांना हिरावून घेता न येणारे हक्क दिले आहेत असं १७७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या जेफरसनच्या शेतावर गुलाम राबत होते. फ्रान्सने १७८९ मध्ये माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा काढला. त्यात बायका कुठे आहेत असं विचारणाऱ्या ओलांप द गूजला १७९३ मध्ये गिलोटीनवर चढवलं गेलं.

याच सुमाराला इंग्लंडच्या जेरेमी बेंथमने या सगळ्या इमारतीवर घण घातला. नैसर्गिक हक्क म्हणजे शुद्ध बडबड, आणि कायमचे, कुणालाही न काढता येणारे हक्क म्हणजे उंच बांबूंवर चढून केलेली बडबड, असं तो म्हणाला. ही थट्टा सगळ्यांना माहीत असते, तिच्यामागचा मुद्दा फारसा कुणी सांगत नाही. एखादा हक्क असावा असं वाटण्याची कारणं म्हणजे तो हक्क नव्हे. भूक म्हणजे भाकरी नव्हे. कायदा करा, कोर्ट उभं करा, शिक्षा ठेवा, तेव्हा हक्क जन्माला येतो. बेंथमला मी सहजासहजी उडवून लावणार नाही. ज्याच्या मागे फौजदार नाही असा हक्क गरिबाच्या काय कामाचा? पण त्याच्या हिशोबात ॲटर्नी जनरल डे यांच्या उत्तराला चूक म्हणायला जागा उरत नाही. सरकारने दिलं, सरकारने नेलं.

बेंथमला युरोपातल्या पंडितांनी जी उत्तरं दिली, त्यांपेक्षा मला पुण्यात दिलं गेलेलं उत्तर जास्त मोलाचं वाटतं. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी टॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक वाचलं होतं. पेनचा मुद्दा असा की जुन्या परंपरेचे दाखले देणारे लोक पुरेसे मागे जातच नाहीत. शंभर वर्षं, हजार वर्षं मागे जाऊन थांबतात. आणखी मागे जा, थेट माणूस घडला त्या क्षणापर्यंत. तिथे राजा नाही, सरदार नाही, फक्त माणूस आहे. हा युक्तिवाद इंग्लंडच्या उमरावांविरुद्ध होता. पण ज्या समाजात ब्राह्मण मुखातून आणि शूद्र पायांतून आला असं सृष्टीच्या आरंभाचंच वर्णन विषमतेच्या बाजूने उभं केलं होतं, तिथे तो किती स्फोटक ठरला असेल याचा विचार करा. इथे परंपरा खरोखरच सृष्टीच्या आरंभापर्यंत मागे गेली होती! म्हणून जोतीरावांना आरंभाची दुसरी हकिगत सांगावी लागली.

त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त ती आहे. आपल्या सर्वांचा निर्मिक एक. त्याने माणसाला, स्त्री असो की पुरुष, जन्मतःच स्वतंत्र आणि सगळ्या हक्कांचा उपभोग घ्यायला समर्थ असं घडवलं. म्हणून कुणीही कुणावर जबरदस्ती करू नये. जोतीरावांचा निर्मिक अवतार घेत नाही, मध्यस्थ नेमत नाही, कुठल्या एका ग्रंथात आपली आज्ञा लिहून ठेवत नाही. त्याच्याशी कुणाचा खास वशिला नाही. त्यांनी स्त्रियांचे हक्क आवर्जून सांगितले. लॉक आणि जेफरसनला जे सुचलं नव्हतं, ते जोतीरावांना दिसत होतं. मराठीत मानवी हक्कांना दिलेला हा पहिला भक्कम ईश्वरवादी पाया, आणि तो धर्मसत्तेशी भांडून घातलेला आहे. आपल्याकडे जोतीरावांना समाजसुधारक म्हणून हार घालतात. तत्त्वज्ञ म्हणून वाचत नाहीत.

आता १९४७–४८. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांना सगळ्या जगासाठी एकच जाहीरनामा लिहायचा होता आणि टेबलाभोवती बसलेल्यांचे देव वेगळे, ग्रंथ वेगळे, काहींना देवच नाही. समितीच्या अध्यक्ष एलेनॉर रूझवेल्ट. लेबनॉनचे चार्ल्स मलिक अक्वायनसच्या विचारात मुरलेले, चीनचे पी. सी. चांग कन्फ्यूशियसचे दाखले देणारे. रूझवेल्टबाईंच्या घरी चहाला दोघांची जुंपली तेव्हा चांग म्हणाले की सचिवालयाच्या लोकांनी आधी काही महिने कन्फ्यूशियसचा अभ्यास करावा. भारताकडून होत्या मुंबईच्या राजकारणात तयार झालेल्या हंसा मेहता. मसुद्यात ‘सगळे पुरुष’ असाही अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. याने बायका वगळल्या जातील, असं म्हणत त्यांनी तिथे ‘सर्व मानव’ येईल याचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. ओलांप द गूजच्या प्रश्नाला दीडशे वर्षांनी मिळालेलं उत्तर.

खरी खडाजंगी पायावरून झाली. माणूस ईश्वराच्या प्रतिमेत घडला आहे असं लिहा, अशी सूचना ब्राझीलने आणली. मसुद्यात माणसांना ‘निसर्गाने’ बुद्धी आणि सदसद्विवेक दिला आहे असे शब्द होते. शेवटी ईश्वर आलाच नाही आणि निसर्गही वगळला गेला. उरलं ते एवढंच: सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आहेत, प्रतिष्ठा आणि हक्कांत समान आहेत, त्यांना बुद्धी आणि सदसद्विवेक आहे. कुणी दिला, ते लिहिलेलं नाही. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये ४८ देशांनी बाजूने मत दिलं, विरोधात कुणी नाही, आठ तटस्थ. त्यांत सोव्हिएत गट, सौदी अरेबिया आणि वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका. त्याआधी युनेस्कोने जगभरच्या विचारवंतांची मतं मागवली होती. त्या कामात असलेले फ्रेंच तत्त्वज्ञ झाक मारितें यांनी एक किस्सा नोंदवला आहे: या यादीवर तुमचं एकमत कसं झालं, असं विचारल्यावर एकजण म्हणाला, हो, आमचं एकमत आहे, फक्त ‘का’ असं कुणी विचारू नये. याच मोहिमेत मे १९४७ मध्ये गांधीजींनी कळवलं की हक्क हे नीट पार पाडलेल्या कर्तव्यातून येतात, हे मी माझ्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो. गांधीजींशी इथे माझं जमत नाही. ज्याच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या फक्त कर्तव्यंच आली, त्याला आधी कर्तव्य कर असं सांगण्यात काय हशील?

पाया रिकामा ठेवला ही पळवाट होती, असं काहींना वाटतं. मला ती समजूतदार तडजोड वाटते. मलिकना तिथे अक्वायनस वाचता येतो, चांगना कन्फ्यूशियस, एखाद्या सत्यशोधकाला निर्मिक, आणि नास्तिकाला फक्त माणसाची बुद्धी. सगळ्यांना मान्य असलेली गोष्ट एकच: राज्य हा या हक्कांचा उगम नाही. जर्मनीत गुस्ताव राडब्रुख या कायदेपंडिताने १९४६ मध्ये म्हटलं की लिखित कायदा पाळावाच, पण तो असह्य प्रमाणात अन्याय्य झाला की त्याने न्यायापुढे मागे हटावं. हा ज्ञानप्रकाश नाझींच्या बारा वर्षांनंतरचा. आपल्याकडे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही कलम २० आणि २१ ला हात लावता येणार नाही अशी तरतूद झाली. पुढे २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाच्या खटल्यात १९७६ चा निकाल चुकीचा ठरवला. जीवित आणि स्वातंत्र्य हे नैसर्गिक कायद्याने असलेले हक्क आहेत, असं त्यात लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे १९७६ च्या बहुमतातल्या न्या. यशवंत चंद्रचूड यांचे चिरंजीव.

तरीही नैसर्गिक कायद्याचं नाव निघालं की मी थोडा सावध होतो. निसर्गाचं म्हणणं काय, हे कुणीतरी माणूसच सांगत असतो. भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधांना गुन्हा ठरवत होतं. १८६० मध्ये ज्यांनी ते लिहिलं त्यांना निसर्गाचा क्रम ठाऊक असल्याची पक्की खात्री होती. सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम रद्द व्हायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावं लागलं. सेपुल्वेदाचीही तशीच खात्री होती, आणि मनुस्मृतीला सृष्टिक्रम मानणाऱ्यांचीही. त्यामुळे कुणी निसर्गाचा दाखला दिला की मी एक साधी गोष्ट पाहतो: या दाखल्याने वरच्याला अधिक वर चढवलं जातंय, की खालच्याला उभं राहता येतंय?

महाडला हे दोन्ही एकाच गावात पाहायला मिळालं. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव झाला, महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचं जाहीर केलं, म्हणजे बेंथमला हवा तो लेखी कायदा जवळजवळ हातात होता. तरी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांबरोबर पाणी प्यायलेल्यांना गावात मार खावा लागला. त्याच डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी महाडची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. माणसं जन्मतः समान आहेत हे जाहीर करणारे ठराव झाले आणि मनुस्मृती जाळली गेली. सवर्णांनी आधीच दिवाणी दावा लावला होता, तळं आमच्या वहिवाटीचं म्हणून. तो दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. कारण दिलं ते असं की अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी काळापासूनची वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही. ती सिद्ध झाली असती, तर ती रास्त आहे की नाही हे बघावं लागलं असतं, म्हणून तो प्रश्न न्यायालयाने सोडून दिला. माणूस म्हणून पाणी पिण्याचा हक्क आहे, असं त्या निकालात कुठेही नाही.

ते वाक्य लिहायला आणखी तेरा वर्षं गेली. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये, दुकानं आणि रस्त्यांच्या बरोबरीने, विहिरी, तळी आणि स्नानघाट यांची नावं लिहिलेली आहेत.